चकतीमावशीची खूण

चकतीमावशी हे नाव तिला कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येत नाही. ज्या पोरांनी ठेवलं ती स्वतः प्राध्यापक झाली, त्यांना टकलं पडली, आणि नाव आपलं मागे राहिलं. प्रयोगशाळेचे सर तिच्याहून दोनच वर्षांनी लहान, पण तेही तिला मावशीच म्हणत. खरं नाव हजेरीच्या यादीत होतं. ते घेऊन कोणी हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं.

काम काय, तर चकत्या कापायच्या. तळहाताएवढी, आरपार दिसणारी, स्फटिकाची पातळ चकती यायची. तिचे नखाएवढे चौकोनी तुकडे करायचे, धुवायचे आणि डबीत भरून नंबर घालून द्यायचे. पुढे त्या तुकड्यांवर भट्टीत चुंबकी पदार्थाचा पातळ थर चढे, त्या थरावर लेझर सोडला जाई आणि त्यातून लोक डॉक्टर होऊन बाहेर पडत. पुस्तकात अशा तुकड्याला सबस्ट्रेट म्हणतात. मावशी त्याला तळ म्हणे. निबंध छापून आला की थराचं नाव शीर्षकात झळके, तळाचा उल्लेख आत कुठेतरी एका ओळीत, आणि मावशीचं नाव सगळ्यात शेवटी आभारात, तेही कोणाला आठवलं तर. तिला त्याचं काही नव्हतं. आभारात नाव आलं म्हणून पोळी काही जास्त फुगत नाही, असं ती म्हणे.

पण एका गोष्टीत मात्र ती नाकावर माशी बसू देत नसे, आणि ती म्हणजे खूण. स्फटिकात अणूंच्या रांगा असतात आणि त्या कुठल्या दिशेने गेल्या आहेत ते चकतीच्या एका सपाट कडेवरून कळतं. चकतीचे चौकोन केले की ती कड जाते. मग चारी बाजू सारख्या, आणि कुठली कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून मावशीची पद्धत ठरलेली होती. चकती गरम मेणाने जाड काचेवर पालथी चिकटवायची. पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या पात्याने उभे काप घ्यायचे. काच पाव फेरा फिरवायची, आडवे काप घ्यायचे. मग काच पाव फेरा मागे आणून पहिल्या जागेवर बसवायची, आणि तुकडे मेणाला चिकटलेले आहेत तोवरच हिऱ्याच्या टोकाने प्रत्येकाच्या पाठीवर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, केसाएवढा आडवा ओरखडा काढायचा. ज्याला दिशा हवी त्याने तो ओरखडा बघावा.

त्या इमारतीत मावशीची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. दिशा तपासायचं यंत्र शेजारच्या इमारतीत होतं, एक्स-रेचं. एका तुकड्याला पाऊण तास लागे आणि तिथले गृहस्थ वेळ देताना असा चेहरा करत की मागणाऱ्यालाच अपराधी वाटावं. अठ्ठावीस वर्षांत मावशीने कापलेला तुकडा कोणी तिथे नेला नव्हता. नवीन आलेल्या एखाद्याने विचारलंच, की बाबा एकदा तपासून बघायचं का, तर सर हसत. आईकडे तिचा जन्मदाखला मागण्यातला प्रकार आहे हा, म्हणत. मावशीच्या कानावर हे पडे, आणि दुपारचा चहा त्या दिवशी तिला जास्त गोड लागे.

आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी तिचे यजमान गेले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. सुट्टीच्या दिवशीही कुठेतरी कोणी अडकलं म्हणून फोन आला होता. दाराशी बसून ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि वर आलेच नाहीत. मावशी आत त्यांची पाण्याची बाटली भरत होती. बाटली भरून, झाकण घट्ट लावून, बाहेरून पुसून ती दाराशी आली, तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. मूलबाळ नव्हतं. दोघांचा संसार, तो एका मिनिटात एकटीचा झाला.

ती रडली नाही. रडायचं नव्हतं असं नाही. ती रडू यायची वाट बघत होती. आज येईल, उद्या येईल, माणसं पांगली की येईल, असं करत तीन दिवस गेले आणि काही आलं नाही. चौथ्या दिवशी ती डबा घेऊन कामावर गेली. रजेच्या कागदावर तिने ‘घरगुती काम’ लिहिलं. कोणाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायला जे काही आत हलावं लागतं ते हलत नव्हतं. पहिल्या दिवशी राहिलं ते राहिलं. महिन्याने सांगायचं म्हणजे आधी महिनाभर का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. तिने तो नादच सोडला.

वरच्या मजल्यावर तिची धाकटी नणंद राहत होती. तिला वहिनीचं हे डबा घेऊन निघणं दिसलं आणि ते तिच्या मनात जे बसलं ते बसलंच. ती तोंडाने फटकळ, पण खोटी नव्हती. भावाच्या आठवणीने तिचे स्वतःचे डोळे महिनाभर कोरडे झाले नव्हते. एकदा जिन्यात दोघी समोरासमोर आल्या तेव्हा तिने विचारून टाकलं, "वहिनी, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?" हा प्रश्न मावशीलाही पडलेला होता, त्यामुळे तिला राग आला नाही. ती म्हणाली की भाजी गॅसवर आहे, आणि आत गेली. भाजी गॅसवर नव्हतीच.

दिवस असे जात. सकाळी उठायचं, एका माणसाचा स्वयंपाक करायचा, तो दोघांच्या अंदाजाने होऊन बसायचा, तोच दुपारी आणि तोच रात्री. एकदा मेण वितळवायच्या तव्यावर तिचं बोट टेकलं आणि ते तिला कातडी जळल्याच्या वासावरून कळलं. फोड आला, फुटला, बरा झाला. यजमानांचे बूट दाराशी तसेच होते, एकाची नाडी बांधलेली, एकाची सुटलेली. ती रोज त्यांना ओलांडून जाई. काढून ठेवावेत असं वाटत नव्हतं, तसेच राहू द्यावेत असंही वाटत नव्हतं.

त्या वर्षी सरांकडे एक मुलगी डॉक्टरेट करत होती. सडपातळ, चष्म्याची, बोलायला लागली की हात हलवणारी. तिचा विषय मावशीला तिनेच समजावून सांगितला होता, आणि तो असा सांगितला होता की मावशीला खरंच कळला. लेझरचा गडद लाल प्रकाश चुंबकी थरावर पडला की परतताना त्यात अगदी नावापुरता जांभळा मिसळून येतो. शेजारच्या लोहचुंबकाची टोकं उलटी केली की तो जांभळा कमी नाहीतर जास्त होतो. आता गंमत अशी की थर एकटा असता तर त्याची रचना सगळीकडून इतकी सारखी असती, की त्यातून जांभळं फारसं काही निघालंच नसतं. पण थर एकटा नसतो. खाली तळ असतो. तळाच्या अणूंमधलं अंतर थराच्या अणूंपेक्षा किंचित वेगळं, म्हणून तळ थराला ओढून धरतो, त्याला कळेल न कळेल असा ताण देतो, आणि त्या ताणामुळे जांभळा बाहेर पडतो. मुलगी तुकडा लेझरखाली गोल फिरवे आणि कुठल्या दिशेला जांभळा किती ते गोल कागदावर मांडी. दोन पाकळ्या उमटत, समोरासमोर. पाकळ्यांची दिशा तळाच्या दिशेने ठरते, हे सगळ्यांना माहीत होतं.

मुलीचे पहिले बारा तुकडे तसेच वागले. पाकळ्या मावशीच्या खुणेच्या दिशेने. मग पुढच्या बारांवर तिने थर चढवताना भट्टीचा वेग कमी केला, थर हळूहळू वाढू दिला, आणि त्या बाराच्या बारा तुकड्यांच्या पाकळ्या खुणेला आडव्या निघाल्या. मुलीला आधी विश्वास बसेना. तिने आरसे पुसले, चुंबक तपासला, लेझर पुन्हा जुळवला. पाकळ्या आडव्याच. घाबरत घाबरत तिने सरांना एवढंही विचारलं होतं, की तुकड्यांची दिशा एकदा एक्स-रेवर बघायची का. सरांनी जन्मदाखल्याची गोष्ट सांगितली. मग दोन महिने दोघांनी कागदावर कागद काळे केले आणि त्यातून अर्थ बाहेर आला. हळू वाढलेला थर तळाचा ताण झुगारतो आणि स्वतःची दिशा स्वतः निवडतो! सर अलीकडे जिन्यातून दोन पायऱ्या गाळून चढत. "आपला थर तळाला जुमानत नाही," असं ते भेटेल त्याला सांगत.

मुलीचं सगळं त्या निबंधावर टांगलेलं होतं. तिची मुदत एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. निबंध शुक्रवारी पाठवायचा होता. तो स्वीकारला गेला तर प्रबंध पुरा, आणि एका मोठ्या प्रयोगशाळेतली जागा जवळजवळ हातात. नाही तर पहिल्या बारा तुकड्यांवर जे जगाला आधीच ठाऊक आहे तेवढंच तिच्याकडे उरत होतं.

सोमवारी तिने मावशीला ओढतच आपल्या खोलीत नेलं. भिंतीवर चोवीस गोल कागद लावले होते, बारा वर, बारा खाली. बिस्किटांचा पुडा उघडून ठेवला होता. बघा, म्हणाली, वरच्या अशा, खालच्या अशा. मावशीने बिस्कीट घेतलं आणि भिंतीकडे पाहिलं. वरच्या पाकळ्या आडव्या, खालच्या उभ्या. एखाददुसरी वाकडी नाही, थोडी अलीकडे नाही, थोडी पलीकडे नाही. बरोबर पाव फेरा.

मावशीने अठ्ठावीस वर्षं रोज पाव फेरा फिरवला होता. तिच्या डोळ्याला तो लांबून ओळखू येई. अणूंनी स्वतःची दिशा निवडली असती तर त्यांनी कुठलीही निवडली असती. एवढी नेमकी काटकोनातली निवड, तीही बाराजणांनी एकमताने, तिला माणसाच्या हातची वाटली. तिने खालच्या बारांचे नंबर विचारले. तेरा ते चोवीस, मुलगी म्हणाली. मावशीने बिस्कीट संपवलं, फार छान झालंय बाळ, म्हणाली, आणि आपल्या खोलीत येऊन कपाटातून तेरा ते चोवीसची रिकामी डबी काढली. झाकणावर तिच्याच अक्षरात तारीख होती. तिला बोटांवर दिवस मोजावे लागले नाहीत. तो कामावर परतल्याचा दिवस होता, चौथा.

ती स्टुलावर बसली आणि तो दिवस आठवायला लागली. डब्याची पिशवी खुंटीला अडकवली होती, ते आठवलं. हात धुतले, साबण संपत आला होता, ते आठवलं. मग एकदम संध्याकाळ, कपाट बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. मधलं काही नव्हतं. पात्याचा आवाज नाही, पाणी नाही, मेणाचा वास नाही. काच मागे फिरवली की नाही, हे आठवायला आधी ती काच आठवायला हवी होती. माणूस झोपेत चालतो तसे तिचे हात दिवसभर चालले होते आणि ती त्यांच्याबरोबर नव्हती.

इथे तिला स्वतःचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने नीट लक्ष देऊन पाहिलं, भीती वाटते का, लाज वाटते का. दोन्ही गोष्टी कुठेतरी शेजारच्या घरात घडत असाव्यात इतक्या लांब होत्या. तिला फक्त हिशेब कळत होता. गप्प बसलं तर निबंध जाईल, छापून येईल, मुलीला जागा मिळेल. पुढे कधीतरी दुसरं कोणी तेच करून बघेल आणि ते जमणार नाही, मग तिसरं कोणी बघेल, आणि एक दिवस त्या मुलीला सगळ्यांसमोर खाली बघावं लागेल, आणि आपण काय चुकलो हे तिला जन्मात कळणार नाही. बोललं तर ते सगळं आत्ताच, या आठवड्यात. आणि कदाचित खूण बरोबरच असेल. तेही शक्य होतं. अठ्ठावीस वर्षांची सवय असलेल्या हातांनी काच आपली आपण मागे फिरवली असेल.

मंगळवार गेला, बुधवार गेला. ती आली, काम केलं, घरी गेली. हे दोन दिवस ती गप्प का बसली, याचं कारण द्यायचं तर देता येईल, पण ते खरं होणार नाही. तिला सांगायचंच होतं. फक्त उठून जिना चढायला लागणारा जोर तिच्यात नव्हता, इतकंच. गुरुवारी सकाळी मुलगी तिच्या खोलीशी आली आणि म्हणाली की निबंधाच्या आभारात तिने मावशीचं नाव सगळ्यात वर घातलंय, सरांच्याही आधी. तेव्हा मात्र मावशी उठली.

ती आधी सरांकडे गेली. तेरा ते चोवीसची खूण मला खात्रीची वाटत नाही, एकदा एक्स-रेवर बघा, असं तिने सरळ सांगितलं. सरांनी चष्मा काढला. का खात्री वाटत नाही, त्यांनी विचारलं. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, मावशी म्हणाली. तब्येत बरी नव्हती का? तसंच काहीसं. सर चष्म्याची काच शर्टाला पुसत राहिले. माणूस वाईट नव्हता, पण त्याने इतके दिवस ज्या जिन्याच्या पायऱ्या गाळल्या होत्या त्या आता एकेक करून उतरायच्या होत्या, आणि ते त्याच्या जिवावर आलं.

"मावशी, अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी चुकलात का?" ते म्हणाले.

"चुकायलाही माणूस जागेवर असावा लागतो, सर."

सरांना ते कळलं नाही. दोन दिवस रजा घ्या, दगदग फार होते तुमची, असं म्हणून त्यांनी चष्मा परत लावला. मावशी बाहेर आली आणि मुलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मुलीला तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मुलीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. तिने भिंतीवरच्या कागदांकडे पाहिलं, वरच्या रांगेकडे, मग खालच्या, आणि मावशीला दिसलं की तिलाही तो पाव फेरा आत्ता दिसला. हुशार पोरगी होती. एवढे दिवस तिला तो दिसला नव्हता, कारण तो तिथे असू शकतो हे कोणी तिला म्हणूच दिलं नव्हतं.

"मी विचारलं होतं त्यांना," मुलगी म्हणाली. "एकदा विचारलं होतं मी." मग ती एक्स-रेवाल्या गृहस्थांना फोन लावायला बाहेर गेली.

शुक्रवारी सकाळी दोघी शेजारच्या इमारतीत गेल्या. मुलीच्या हातात तेरा ते चोवीसची तीच डबी होती, मावशीने कपाटातून आणून दिलेली. तुकडे चारच न्यायचे ठरलं होतं, एक, तेरा, अठरा आणि चोवीस. रस्ता दोन मिनिटांचा, पण तेवढ्यात मावशीच्या मनात एक गोष्ट आली आणि ती जाईना. तिला वाटत होतं की खूण चुकलेलीच निघावी. तिने तो विचार झटकून पाहिला. पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि मला हे काय सुचतंय, असं स्वतःला बजावून पाहिलं. पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी हवंसं वाटत होतं आणि ते नेमकं हे होतं. खूण बरोबर निघाली तर नणंदेचं म्हणणं खरं ठरत होतं. नवरा जाऊन चार दिवस झालेल्या बाईने बारा तुकडे कापले आणि तिचा हात एकदाही चुकला नाही, मग ती बाई कसली, दगडच म्हणायचा.

एक्स-रेवाले गृहस्थ त्या दिवशी नेहमीचा चेहरा करायला विसरले. चकतीमावशीचा तुकडा आपल्या यंत्रावर आलाय हे त्यांना पचत नव्हतं. त्यांनी एक नंबर पालथा बसवला, खूण वरच्या उजव्या कोपऱ्यात, झडप लावली आणि तिघेही पडद्यासमोर बसले. ठिपके हळूहळू उमटले. दाट ठिपक्यांची एक रांग, आडवी. जशी हवी तशी. गृहस्थांनी तो काढून तेरा नंबर बसवला, खूण त्याच कोपऱ्यात. पुन्हा वाट बघणं आलं. मुलगी नखं कुरतडत होती. मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती आणि पडद्याकडे बघायचं टाळत नव्हती.

रांग उभी उमटली. सगळे ठिपके तेच, एकही कमी नाही, जास्त नाही. फक्त पाव फेरा वळलेले.

गृहस्थांनी तेरा उतरवला. अठरा बसवला. उभी. चोवीस बसवला. उभी. थराने तळाचा शब्द एकदाही मोडला नव्हता. चोवीसच्या चोवीस तुकड्यांवर तो तळाच्याच दिशेने गेला होता, आणि आडवी पडली होती ती फक्त त्या दिवशीची खूण. मुलीच्या दोन महिन्यांच्या गणितावर पाणी पडलं होतं आणि पडद्यावरचे ठिपके मात्र अगदी स्वच्छ, सुरेख आले होते.

मुलगी चौथ्या चित्राकडे पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिने खुर्ची मावशीकडे वळवली. "मावशी, असं कसं झालं?" तिने विचारलं. "तुमच्या हातून?" तिच्या आवाजात राग होता आणि तो असायलाच हवा होता.

मावशीला सांगायचं होतं ते कामाचं होतं. आडवे काप झाल्यावर काच मागे आणायची राहिली, म्हणून खूण आडव्याची उभी झाली, त्या बारांवर नवी खूण करून देते. एवढं वाक्य तिने तयार ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि निघालं दुसरंच.

"हे गेले ना गं," ती म्हणाली. "हे गेले."

आणि मग तिला रडू आलं. ते हळू वगैरे आलं नाही. तिचे खांदे, मान, गुडघे सगळं हलायला लागलं, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो तिने स्वतः कधी ऐकला नव्हता. गृहस्थांनी घाईघाईने यंत्र बंद केलं, काहीतरी आणायला जायचंय असं पुटपुटत ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. मुलगी जागची हलली नाही. तिचे स्वतःचे डोळे भरले होते, पण ते अजून तिच्या स्वतःच्या कामासाठी होते आणि तिने ते लपवलं नाही. मावशीला रडता रडता बरं वाटत होतं. छातीत आठ महिने जे काही बसून होतं ते उठत होतं, दुखत होतं, आणि ते दुखतंय याचाच तिला आनंद होत होता. ज्या पोरीची तीन वर्षं आपण मातीत घातली तिच्याच समोर आपल्याला बरं वाटतंय, याची तिला भयंकर लाज वाटली, आणि ती लाजसुद्धा आता शेजारच्या घरात नव्हती.

बऱ्याच वेळाने ती पदराने तोंड पुसायला लागली तेव्हा मुलीने खुर्ची थोडी जवळ घेतली. "हे म्हणजे काका?" तिने विचारलं. मावशीने मान हलवली. मुलगी गोंधळली. ती मावशीला रोज बघत होती, रोज तिच्याशी बोलत होती. तिने मनातल्या मनात मागचे आठवडे चाळून पाहिले आणि तिला काही सापडलं नाही.

"कधी?" तिने विचारलं.

"तेरा नंबर कापला ना," मावशी म्हणाली, "त्याच्या चार दिवस आधी."

मुलीने मांडीवरची डबी उचलली. झाकणावरची तारीख तिने एकदा वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि मग डबी तिथेच टेबलावर ठेवून तिने मावशीचा हात हातात घेतला.